भूशास्त्र सोडू नकोस

माहूर

चि. छकुलीस,


तुझ्या मायचा फोन आला. वर्गात तू हॅलुसिजेनियाचं चित्र उलटं दाखवलंस, पोरं हसली, आणि आता तू भूशास्त्र सोडून गावाकडं येतेस म्हणे. ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. चित्र चुकलं म्हणून कोणी शिक्षण सोडतं का?

इथल्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मी सगळं समजून घेतलं. कॅनडातल्या बर्जेस शेल नावाच्या खडकातला हा जीव, वय ५० कोटी वर्षं. १९११ साली वॉलकॉट नावाच्या संशोधकानं त्याला समुद्री कृमींत घातलं. १९७७ साली कॉनवे मॉरिसनं नवं नाव दिलं, पण पाठीचे काटे पाय समजून त्यांवरच उभं केलं. तुझ्या जुन्या पुस्तकातलं चित्र ते हेच. चीनमधले जीवाश्म पाहून रामशोल्ड आणि हौ यांनी १९९१ साली ते सुलटं केलं. २०१४ साली नख्यांत एकात एक बसलेले थर दिसले. तसेच थर आजच्या मखमली किड्यांच्या नख्यांत नि जबड्यांत असतात, म्हणून त्यांच्या कुळाशी नातं जुळलं. आणि डोकं खरं कुठलं, ते २०१५ साली कळलं! कॉनवे मॉरिस मात्र पुढं केंब्रिजला प्राध्यापक झाला. तो घरी बसला नाही, पोरी.

मी बसलो. बहात्तरच्या दुष्काळात कॉलेज सुटलं, दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढं पाऊसपाणी झालं, पण लहान पोरांच्या बाकावर बसायची लाज वाटली. ज्या काळ्या दगडावर घण घातले, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे तूच मला सांगितलंस. तेव्हा वाटलं, माझं राहिलेलं शिक्षण तुझ्या तोंडून ऐकतोय. म्हणून म्हणतो, सोडू नकोस.

त्या मखमली किड्यांच्या कुळाचा एक किडा आपल्या अरुणाचलात, सियांगच्या खोऱ्यात आहे. शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता, आता पुन्हा सापडलाय. तू तिकडं जाशील, मला फोनवर सांगशील, असं मनात धरून बसलोय.

फार बोललो. राग मानू नकोस, माय. जेवतेस ना वेळेवर? पैशाचं मी बघतो. शनिवारच्या एसटीनं ये, आजी पुरणपोळी करणार आहे. मन भरून रड, झोप काढ. सोमवारी तुला नांदेडला सोडायला मी येतो. वर्गाच्या दारापर्यंत येऊ का? तू म्हणशील तसं.

तुझा,
आजा