खरेदीला निघताना पाणी तोडू नका

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या कळंबच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डॉक्टर, उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळतंय, थंड पडायला काहीतरी द्या." ऑक्टोबर संपत आलाय, पहाटे गारवा आहे, आणि बायकांना म्हणे उष्णता झालीय!

उष्णता वगैरे काही नाही. आदल्या रविवारी त्या खरेदीला गेलेल्या असतात. कुणी बारामतीला, बस्ता बांधायचा असेल तर थेट पुण्याला, लक्ष्मी रोड नि तुळशीबागेत. येताना हडपसरपासून लोणी काळभोरपर्यंत गाडी जागची हलत नाही. त्यातून सुटलं आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असला, की पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. "मध्येच लागली तर जायचं कुठं?" म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट नाही. बीपीची लघवी होणारी गोळीही घरीच.

प्रश्न खरा आहे. बाजारपेठेत धड स्वच्छतागृह नसतं, असलं तर त्याला कुलूप असतं. मुंबईत महिला संघटनांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभारली ती उगाच नव्हे. पण पाणी तोडणं हा त्यावरचा उपाय नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. जंतू आत शिरायला वेळ लागत नाही, आणि लघवीच झाली नाही तर ते धुऊनही जात नाहीत. ही जळजळ बहुधा जंतुसंसर्गाची असते. सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. पोटात पाणी जातं, तेवढाच फायदा. जंतू त्याने मरत नाहीत.

जवळच्याच वस्तीवरच्या एक मावशी, मधुमेह जुना. पुण्याहून आल्यावर आग सुरू झाली. सुनेने मोबाइलवर बघून सोडा-लिंबू दिलं, मग दिराच्या जुन्या पाकिटातल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या. जरा बरं वाटलं, म्हणून फराळाला बसल्या. पाडव्याला आणलं तेव्हा हुडहुडी भरलेली, कंबरेच्या वर एका बाजूला ठणका, उलट्या. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. बारामतीला भरती करावं लागलं. आता ठणठणीत आहेत, माझ्यावर मात्र रागावल्यात, कारण त्या गोळ्यांवरून मी सुनेला सर्वांसमोर बोललो.

घाबरू नका. साधी जळजळ वेळेत आलात तर थोड्या दिवसांच्या औषधाने जाते. पण थंडी वाजून ताप, पाठीत-कुशीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर भाऊबीज उरकायची वाट बघू नका. गरोदर बाई, मधुमेही आणि पुरुष यांनी तर नुसत्या जळजळीलाही यावं. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप नसतो, पण ते अचानक असंबद्ध बोलू लागतं, तेव्हाही आणा.

मेडिकलमधून आग थांबवायची गोळी आणता, लघवी केशरी होते, आग थांबते. संसर्ग तिथेच असतो. आधी लघवी तपासा, मग अँटिबायोटिक. उलटं केलंत तर कल्चरमध्ये बऱ्याचदा जंतू सापडत नाही आणि मी अंदाजाने औषध देत बसतो.

प्रवासात थोडं थोडं पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते आधी विचारा. बीपीची गोळी कधी घ्यायची तेही विचारा, बहुतेकदा वेळ बदलून देता येते. तीन-चार तासांत एकदा गाडी थांबवायला सांगा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असायलाच हवं, आणि त्यासाठी डिझेल भरावं लागत नाही. गाडी चालवणाऱ्या दादांनो, "आता घरीच जाऊ की" हे तुम्ही म्हणायचं नाही.