मिठागरातील जीवांचे शर्करायुक्त आवरण

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या पूर्वेस पसरलेल्या समुद्राच्या पाण्यात शेकडा सुमारे ३.५ भाग मीठ असते. शहराच्या दक्षिणेकडील केळंबाक्कमसारख्या मिठागरांत असे पाणी आटून अतिशय खारे होते. त्यात बहुतेक जीव तग धरीत नाहीत. लवणप्रिय आर्किया मात्र वाढतात.

या एकपेशीय जीवांचे बाह्य आवरण प्रथिनांचे असून त्यांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. १९७६ साली मेशर व स्ट्रॉमिंजर यांनी हॅलोबॅक्टेरियममध्ये हे दाखविले. तोवर अशी प्रथिने केंद्रकयुक्त पेशींतच असतात, असा समज होता. बॅसिट्रॅसिन हे औषध देऊन शर्करेची जोडणी रोखताच दंडाकार पेशी गोल झाल्या. म्हणजे पेशीचा आकार राखण्यास ही शर्करा आवश्यक असते. मृत समुद्रातील हॅलोफेरॅक्स तर पाण्यातील मिठाचे प्रमाण बदलताच आपल्या शर्करासाखळ्याही बदलतो.