उपघटक ३.४ : शोक, गूढ आणि कुमार वाचक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण शिक्षक, ग्रंथपाल वा पालक आहेत. आई किंवा वडील गमावलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला कोणते पुस्तक सुचवावे, हा प्रश्न आपणांस केव्हातरी पडेल. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

३.४.१ अनुच्चारित दुःख

'गेले', 'वारले', 'देवाघरी गेले' हे शब्दप्रयोग मृत्यूचा थेट उच्चार टाळतात. मोठ्यांना त्यांचा आधार वाटतो. मुलाला मात्र 'याविषयी बोलू नये' एवढेच कळते. नरखेड तालुक्यातील मोवाड येथे ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुरात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा गावात 'पूर' हा शब्द केवळ पाण्याचा वाचक राहत नाही. गूढ आणि अद्भुत साहित्य अशा अनुच्चारित गोष्टीला रूप देते, हेच त्याचे सामर्थ्य होय.

३.४.२ दोन उदाहरणे

पॅट्रिक नेस यांच्या 'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११) या कादंबरीत कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. रात्री येणारा वृक्षरूपी राक्षस त्याला भिववण्यासाठी येत नाही. 'हे सारे एकदाचे संपावे' हा मनातला विचार त्याच्याकडून वदवून घेतो. अपराधभाव उच्चारला गेला की सोसवतो, असे ही कथा दाखवते.

ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या 'द ब्रदर्स लायनहार्ट' (१९७३) मध्ये मृत्यूनंतर दोघे भाऊ अद्भुत देशात भेटतात. मात्र अखेरीस ते एकत्र कड्यावरून उडी घेतात. शेतकरी आत्महत्यांची झळ सोसलेल्या विदर्भात, ज्या घरात असा मृत्यू घडला आहे तेथील मुलाच्या हाती हे पुस्तक एकट्याने वाचण्यासाठी देऊ नये.

मराठीत रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी बालनाट्य आणि गूढकथा हे दोन्ही प्रकार समर्थपणे हाताळले. परंतु त्यांच्या गूढकथा प्रामुख्याने प्रौढांसाठी आहेत. म्हणून निवड कथागणिक करावी.

३.४.३ निवडीचे निकष

१. पुस्तक आपण स्वतः शेवटपर्यंत वाचलेले असावे.
२. कथेतील भय दुःखाचा अर्थ उलगडणारे असावे.
३. मृत्यू हा सुटकेचा मार्ग म्हणून रंगवलेला नसावा.
४. पुस्तक मिटून ठेवण्याचे स्वातंत्र्य मुलाला असावे. वाचन हे औषध नव्हे. मूल अन्न-झोप टाकत असेल, तर समुपदेशकाचे साहाय्य घ्यावे.

स्वाध्याय

आपल्या परिसरात मृत्यूसाठी वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग नोंदवा. त्यांपैकी कोणता आपण मुलासमोर वापराल, ते सकारण लिहा.