उस्मानाबादचं धाराशिव करताना
(विंडोजशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल थोडंसं)

तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

लॅबमध्ये आपण जे प्रोग्रॅम लिहितो ते बहुतेक स्वतःशीच बोलतात. दोन मॅट्रिक्स घ्या, गुणा, उत्तर छापा. काही बिघडलं तर लाल अक्षरं येतात आणि आपण पुन्हा रन करतो. पण जो प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला कामं सांगतो, म्हणजे ही फाईल उघड, तिचं नाव बदल, ती पुसून टाक, त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे पुन्हा रन करायला आधीचं काही शिल्लक असेलच असं नाही!

या विषयावर मी चाळलेल्या इंग्रजी पुस्तकांत फाईलचं नाव कधीच मराठीत नसतं. आपल्याकडे मात्र असतं. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा भाषेत काही खटकलं तर सांभाळून घ्या. आणि हा मराठी विभाग असल्यामुळे फंक्शनांची नावंही देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करा, नाहीतर कंपायलर मला शिव्या देईल.

उदाहरण घेऊ माझ्या आजोळचं. धाराशिव तालुक्यातलं बेंबळी. तिथे माझ्या मामाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२३ साली उस्मानाबादचं नाव सरकारी कागदोपत्री धाराशिव झालं. फॉर्मवर नवीन नाव आलं, पण मामाच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं साठलेल्या हजारभर फाईलींची आणि फोल्डरांची नावं तशीच राहिली. काहींत ‘उस्मानाबाद’, काहींत ‘धाराशिव’, काहींत नुसतंच ‘बेंबळी’. सोयाबीनच्या पीक विम्याची तारीख जवळ आली की दुकानात रांग लागते, आणि नेमकी तेव्हाच फाईल सापडत नाही. मामा म्हणाला, “सगळ्या उस्मानाबादचं धाराशिव करून दे की गं. लोक ताटकळायलेत अन् हिकडं फाईल घावंना.”

ऐकायला दहा ओळींचं काम. पायथॉनचं ओएस मॉड्यूल आणायचं, फोल्डरमधून फिरायचं, नावात जुना शब्द दिसला की रीप्लेस करायचं. पण त्या फाईली म्हणजे लोकांचे सातबारे, पासबुकं, जातीचे दाखले. एक स्कॅन गेला तर कुणाला तरी मजुरी बुडवून पुन्हा तालुक्याला हेलपाटा मारावा लागणार. तेव्हा दहा ओळींच्या आधी काय काय बघायला लागतं ते सांगते.

प्रश्नचिन्हांचा घोळ

पहिल्या वर्षी आपण सी शिकतो. त्यातलं एफओपन घ्या आणि विंडोजवर मराठी नावाची फाईल उघडायला सांगा. उघडत नाही. कारण जुनं आहे. विंडोजच्या बऱ्याच फंक्शनांच्या दोन जोड्या असतात. एकीच्या नावाच्या शेवटी ए असतो, दुसरीच्या शेवटी डब्ल्यू. मूव्हफाईल-ए आणि मूव्हफाईल-डब्ल्यू. डब्ल्यूवाली युनिकोड समजते. एवाली जुन्या कोडपेजमधून बोलते, ज्यात एकेक अक्षर एक बाइटचं. अरबीला, रशियनला विंडोजमध्ये असं कोडपेज मिळालं, देवनागरीला मिळालंच नाही. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसोबत देवनागरी आली ती थेट युनिकोडमधूनच. त्यामुळे एवाल्या फंक्शनाला ‘बेंबळी’ दिसत नाही, सहा प्रश्नचिन्हं दिसतात: ??????. (सहा का? ब, एकाराची मात्रा, अनुस्वार, ब, ळ, दीर्घ वेलांटी. मोजून बघा.)

आता यात गंमत नाही, धोका आहे. समजा तुमच्या प्रोग्रॅमने हे नाव घेतलं आणि सिस्टीम फंक्शनातून डेल कमांडला दिलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. म्हणजे तुम्ही एक फाईल पुसायला सांगितली आणि विंडोजने ऐकलं की सहा किंवा कमी अक्षरी नाव असलेल्या सगळ्या फाईली पुसा. तो बिचारा आज्ञाधारकपणे पुसेल.

म्हणून सी किंवा सी प्लस प्लसमध्ये काम करत असाल तर डब्ल्यूवालीच फंक्शनं आणि डब्ल्यूएफओपन वापरा. पायथॉन ३ मध्ये नावं आपोआप डब्ल्यूच्या वाटेने जातात. सीनियर्सकडून वारशाने आलेली पायथॉन २ ची स्क्रिप्ट मात्र वापरू नका. त्या पायथॉनची देखभाल २०२० च्या सुरुवातीलाच थांबली आहे. आणि फाईल हलवायला-पुसायला कमांडची वाक्यं जोडत बसू नका, थेट फंक्शन वापरा. दुसरा प्रोग्रॅम चालवावाच लागला तर सबप्रोसेसला वाक्य न देता यादी द्या: पहिला प्रोग्रॅमचं नाव, मग एकेक आर्ग्युमेंट सुटं. एखाद्या फाईलच्या नावात अँडचं चिन्ह असतं (दुकानदारांच्या नावात हमखास असतं), आणि कमांड प्रॉम्प्टला वाटतं की इथे एक कमांड संपली, दुसरी सुरू झाली.

शेतकऱ्यांचा ऱ्य

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण तो मराठीचा आहे.

‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला तो अर्धा, पापणीसारखा र. तो युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त, मग य. दोन, साधा र म्हणजे ०९३०, त्याला नुक्ता म्हणजे ०९३सी, मग हलन्त, मग य. तीन, साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. विंडोजसाठी ती तीन वेगळी नावं आहेत. एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या तीन फाईली शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात, आणि बघणारा म्हणणार कॉम्प्युटरला भूतबाधा झाली.

कीबोर्ड बदलला की असं होतं. एकाने इनस्क्रिप्टवर टाइप केलं, दुसऱ्याने रोमन अक्षरांतून, तिसऱ्याने मोबाइलवरून पाठवलं. ‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतंत्र क्रमांक युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली मिळाला. त्याआधीचे लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे, आणि काही कीबोर्ड अजून देतात.

उपाय असा की नावांची तुलना करण्याआधी दोन्ही नावं एका साच्यात आणायची. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ आहे, त्याला एनएफसी सांगा. पहिला आणि दुसरा प्रकार त्याने एक होतात. तिसरा होत नाही, ‘ॲ’सुद्धा होत नाही. ते हाताने रीप्लेस करावे लागतात. लायब्ररी वापरली म्हणजे सगळं झालं असं समजणाऱ्यांनी (आमच्या बॅचमध्ये भरपूर आहेत) हे लक्षात ठेवावं.

पण एका साच्यात आणल्यावर नवीन संकट येतं. दोन वेगळ्या फाईलींचं नाव आता एकच झालं. त्यांतल्या एकीत मागच्या वर्षीची यादी असेल, दुसरीत यंदाची. आता रीनेम केलं तर? इथे ऑपरेटिंग सिस्टीमप्रमाणे उत्तर बदलतं. विंडोजवर ओएस डॉट रीनेम नकार देतं, त्या नावाची फाईल आधीच आहे म्हणून एरर येते. लिनक्सवर तेच फंक्शन आधीची फाईल गपचूप गिळून टाकतं, एक शब्द न बोलता. म्हणजे विंडोजवर नीट चाललेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली तर डेटा जाऊ शकतो, आणि प्रोग्रॅम म्हणेल सगळं यशस्वी! ओएस डॉट रीप्लेस तर दोन्हीकडे गिळतं, त्याचं कामच ते आहे. म्हणून नवीन नाव आधीपासून आहे का हे स्वतः तपासा. असेल तर थांबा आणि माणसाला विचारा.

जाता जाता लिनक्सवाल्यांसाठी: ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘धाराशिव’ २१ बाइट, ‘उस्मानाबाद’ ३०. म्हणजे मराठी नाव ८५ चिन्हांत आटपा. विंडोजवर हा हिशेब वेगळा, पण तिथे अख्ख्या पाथला २६० ची जुनी मर्यादा आहे. विंडोज १० पासून ती उठवता येते, पण मुद्दाम चालू करावं लागतं.

डेस्कटॉप कुठे आहे?

सोपं वाटतं ना? सी ड्राइव्ह, यूझर्स, नाव, डेस्कटॉप. बहुतेक जण कोडमध्ये हेच लिहून टाकतात. पण ज्या मशीनवर वनड्राइव्हचा बॅकअप चालू आहे तिथे डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेला असतो, आणि कुणी तो डी ड्राइव्हवरही नेलेला असतो. तुमचा प्रोग्रॅम जुन्या जागी जातो आणि ‘फाईली नाहीत’ म्हणून सांगतो. अंदाज बांधू नका, विंडोजला विचारा. त्यासाठी एसएचगेटनोनफोल्डरपाथ नावाचं फंक्शन व्हिस्टापासून आहे. पायथॉनमधून सीटाइप्सने बोलावता येतं. पाथ जोडताना पाथलिब वापरा. बॅकस्लॅशपुढे एन आला की पायथॉनला तो नवीन ओळीचा इशारा वाटतो, आणि ‘न्यू’ नावाचं फोल्डर प्रत्येकाच्या मशीनवर असतंच.

पुसण्याबद्दल एकच सांगते. ओएस डॉट रिमूव्हने पुसलेली फाईल रीसायकल बिनमध्ये जात नाही. माउसने पुसताना जी सोय मिळते ती एक्स्प्लोररची आहे, खालच्या फंक्शनाची नाही. सेंडटूट्रॅश ही लायब्ररी टाका, ती बिनमध्ये पाठवते.

प्रत्यक्षात काय केलं

मामाच्या फाईली मी होस्टेलवर आणल्या नाहीत. त्यात लोकांचे आधार क्रमांक आहेत, ते माझ्या लॅपटॉपवर फिरायचं कारण नाही. त्याऐवजी एक छोटी स्क्रिप्ट लिहून खोट्या नावांच्या शंभर रिकाम्या फाईली बनवल्या. त्यात मुद्दाम तिन्ही प्रकारचे ऱ्य टाकले, अँडचं चिन्ह टाकलं, लांबलचक नावं टाकली. सगळं आधी त्यावर.

मग बेंबळीला गेल्यावर प्रोग्रॅमला नाव बदलूच दिलं नाही. पहिल्या फेरीत त्याने फक्त यादी लिहिली: जुनं नाव, नवं नाव, आणि तिसरा रकाना रिकामा. मामा विचारायला लागला, “नुसती यादीच? बदलायलीस कधी?” पण ही यादीच महत्त्वाची. कारण २०१९ च्या दाखल्यावर उस्मानाबादच छापलेलं आहे. त्या स्कॅनच्या नावात धाराशिव घातलं तर नाव एक सांगणार आणि कागद दुसरंच. कुठलं उस्मानाबाद म्हणजे नुसता पत्ता आणि कुठलं म्हणजे कागदावरचा मजकूर, हे कुठलाही इफ-एल्स ठरवू शकत नाही. मामा ठरवू शकतो. त्याने दोन दुपारी बसून तिसऱ्या रकान्यात ‘हो’ भरलं. फोल्डरांना जवळजवळ सगळीकडे हो, जुन्या दाखल्यांना नाही. आधीच जुळणाऱ्या नावांच्या जोड्या यादीत वेगळ्या काढल्या होत्या, त्या उघडून बघितल्या आणि शेवटी वर्ष जोडलं.

ही यादी सीएसव्हीत लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. काहीच न सांगता ओपन केलं तर विंडोजवर पायथॉन जुनंच कोडपेज घ्यायला जातो आणि ‘चारमॅप’ची एरर देतो. नुसतं यूटीएफ-८ दिलं तर फाईल बनते, पण डबल क्लिक केल्यावर एक्सेल तिला ओळखत नाही आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं दाखवतो. सिग म्हणजे फाईलच्या सुरुवातीची तीन बाइटची खूण, एक्सेलला तेवढी पुरते.

दुसऱ्या फेरीत फक्त ‘हो’वाल्या ओळी. फोल्डर बदलताना आतून बाहेर या: ओएस डॉट वॉकला टॉपडाउन फॉल्स सांगा. आधी वरच्या फोल्डरचं नाव बदललं तर आतल्यांचे पत्ते तिथेच खोटे होतात. प्रत्येक बदलाआधी लॉगमध्ये एक ओळ लिहून फ्लश आणि मग ओएस डॉट एफसिंक करायचं, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लॉग असला की अर्धवट थांबलेलं काम कुठून उचलायचं ते कळतं, आणि तोच लॉग शेवटाकडून वाचला की सगळं पूर्ववत करणारा प्रोग्रॅम फुकटात मिळतो. तोही आधीच लिहून, खोट्या फाईलींवर चालवून ठेवा.

काही फाईलींवर परवानगी नाही अशी एरर आली, क्रमांक ३२. ती परवानगीची नसते. फाईल वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडी आहे एवढाच अर्थ. जबरदस्ती करू नका. त्या ओळी बाजूला ठेवा, दुकान बंद झाल्यावर पुन्हा चालवा.

फाईलींच्या आतल्या मजकुराला मात्र हात लावला नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या अर्जांत ‘उस्मानाबाद’ शोधलं तर सापडतच नाही, कारण आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि वरून फॉन्ट फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. तो वेगळाच विषय आहे, पुढच्या अंकात जागा मिळाली तर लिहीन.

कुणाला दोन्ही स्क्रिप्ट हव्या असतील तर संध्याकाळी पाचनंतर कॉम्पच्या लॅबमध्ये भेटा. पेन ड्राइव्ह स्कॅन करून आणा, प्लीज.