व्यसनी माणूस, त्याचे कुटुंब आणि कायदा

शरीराला ज्वर आला म्हणजे आपण वैद्याकडे जातो; मनाला ज्वर आला म्हणजे तो शेजाऱ्यांपासून लपवितो. दारूचे व्यसन या दोहोंच्या मध्ये सापडले आहे. घरातील वडील मंडळी त्याला वाईट चाल म्हणतात, आप्तेष्ट नशिबाचा भोग म्हणतात, आणि ज्याला ते जडले तो "मनात आणले तर उद्या सोडीन" असे वर्षानुवर्षे सांगत राहतो. मोह या शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्या मोहगावात कोणाला समजावून द्यावे लागत नाहीत. म्हणून व्यसनाच्या दुष्परिणामांची उजळणी येथे करावयाची नाही. व्यसनी माणसाला उपचारासाठी नेताना कायदा काय करू देतो व काय करू देत नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. हे माहीत नसल्यामुळे कित्येक कुटुंबे पैसा गमावतात, आणि प्रसंगी माणूसही.

कायद्याची वाटचाल

इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याने मनोरुग्णाला 'वेडा' ठरवून मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याची रीत घालून दिली. नागपूरचे मनोरुग्णालय त्याही आधीचे, १८६४ सालचे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. पुढे प्रांत वेगळे झाले, तरी दुखण्याबाण्याला आपली पावले आजही तिकडे वळतात. पुढे १९८७ चा कायदा झाला. त्याने दारू व इतर मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी निराळी मनोरुग्णालये व शुश्रूषागृहे काढता येतील असे सांगितले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९८६ मध्ये, डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले होते. व्यसन हा मनाच्या वैद्यकाचा विषय आहे हे महाराष्ट्राने असे प्रत्यक्ष पाहिले.

आज लागू आहे तो २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २०१८ पासून अमलात आहे. आपल्याकडील सरकारी कागदांत त्याचे हिंदी नाव 'मानसिक स्वास्थ्य देखरेख अधिनियम' असे आढळेल. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे रुग्णाला पांढुर्णा जिल्ह्यात ठेवा की नागपुरास, त्याचे हक्क तेच राहतात.

व्यसन म्हणजे आजार, पण कोणते?

मानसिक आजाराच्या व्याख्येत या कायद्याने दारू व मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित असलेल्या मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश केला आहे. याचा अर्थ सणावाराला पिणारा प्रत्येक इसम मनोरुग्ण ठरतो असा नव्हे. आजार आहे की नाही हे मान्य वैद्यकीय निकषांवर ठरवावयाचे आहे. समाजाच्या रीतिभातीला वा नीतिकल्पनांना एखाद्याचे वागणे पटत नाही, एवढ्या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही.

शेतीवाडी असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी आपोआप 'अस्थिरबुद्धी' ठरत नाही. ते ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. व्यसनमुक्ती केंद्राचा कागद दाखवून भावाचा हिस्सा दाबता येणार नाही.

उपचाराची तीन दारे

पहिले दार स्वेच्छेचे. रुग्ण स्वतः येतो, उपचार समजून घेतो व संमती देतो. कायद्याला हाच मार्ग सर्वांत पसंत आहे. असा रुग्ण "मला घरी जायचे आहे" म्हणाला तर त्याला सोडावे लागते. पुढील दारातून ठेवून घेण्याची गरज आहे असे वैद्याला वाटले, तर तपासणीपुरते फार तर २४ तास थांबविता येते.

दुसरे दार आधाराच्या प्रवेशाचे. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. त्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघा जाणकारांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, व त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञच हवा. रुग्णाने नुकताच स्वतःच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला असेल, इतरांवर हात टाकला असेल, किंवा स्वतःला सांभाळण्याइतकीही शुद्ध त्याला उरली नसेल, तरच हे दार उघडते. मुदत ३० दिवसांपर्यंत. या प्रवेशाची खबर पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांत द्यावी लागते.

तिसरे दार तातडीचे. मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो व रुग्णाला पुढील रुग्णालयात पोहोचविण्याची तजवीज करू शकतो. प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घ्यावी लागते.

यांखेरीज चौथे दार नाही. रात्री गाडी बोलवावी, चार धटिंगणांनी मुलाला उचलून न्यावे आणि तीन महिने कुलपात ठेवावे, याला कायद्यात कोठेही आधार नाही. मग वडिलांनी पैसे भरून पावती का घेतलेली असेना.

इतका कडकपणा कशासाठी?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ जणांना पळता आले नाही. ते जळून मेले. त्यांना तेथे त्यांच्याच माणसांनी बरे होण्याच्या आशेने आणून ठेविले होते. आजच्या कायद्याने साखळी बांधण्यास व एकांतकोठडीस पूर्ण मनाई केली आहे. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे; ती नसल्यास पहिल्याच वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो.

दुसरे कारण निव्वळ वैद्यकीय आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंप, ज्वर, भास व भ्रम होऊन प्राणावरही बेतते. योग्य औषधांनी हे टाळता येते. ज्या घरात डॉक्टर नाही व दाराला फक्त कडी आहे, तेथे हेच दिवस घातक ठरतात.

कुटुंबाची तक्रार

"सकाळी शुद्धीवर आला की सही करून बाहेर पडतो. मग आम्ही काय करावे?" घरोघरच्या आयांची ही तक्रार खरी आहे, आणि कायद्याने ती पुरती मिटविलेली नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाचा निर्णय चुकीचा असला तरी तो त्याचाच आहे, असे कायदा मानतो. कुटुंबाला ही किंमत जड वाटते. परंतु जबरदस्तीचे कुलूप निघाले की व्यसन पुन्हा दाराशी उभेच असते. पटवून आणलेला माणूस निदान पुन्हा त्याच डॉक्टरकडे जाण्यास कचरत नाही.

शिवाय कायद्याने एक साधन दिले आहे. माणूस शुद्धीत व समजूतदार असताना त्याच्याकडून आगाऊ निर्देश लिहून घेता येतो. माझी समज हरपली तर कसे उपचार करावे, कसे करू नये व माझा प्रतिनिधी कोण, हे तो स्वतः लिहून ठेवतो. हे काम बऱ्या दिवसांत उरकावे.

घरच्यांनी काय करावे?

प्रथम सौंसरच्या किंवा छिंदवाड्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी संस्थेत मानसिक उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. कार्ड जवळ नसले तरीही. खाजगी केंद्र निवडताना चार प्रश्न विचारावे : नोंदणीचे प्रमाणपत्र कोठे आहे? डॉक्टर किती वेळा येतात? रुग्णाला घरच्यांशी बोलता येते काय? तक्रार कोणत्या मंडळाकडे करावयाची? उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर परत फिरावे. सल्ल्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक मोफत आहेत. गांजासारख्या पदार्थांच्या बाबतीत, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन तो पुरा करील, तर खटल्यापासून संरक्षण देण्याची सोय १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात आहे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी सुमारे एकालाच काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांपैकी काही आपल्याच ओळखीचे असतील. ट्रस्टच्या सभासदांपैकी दोघा-तिघांनी ही माहिती नीट समजून घ्यावी आणि अडचणीतील कुटुंबासोबत रुग्णालयाच्या पहिल्या खेपेस जावे. त्या खेपेला एकटे जाण्याची लाज हीच बहुतेकांची मोठी अडचण असते, आणि ती दूर करण्यास देणगीपेक्षा सोबत अधिक उपयोगी पडेल.