बर्बन बॉल आणि न उडालेली दारू

अमेरिकेत नाताळ जवळ आला की घरोघरी पत्र्याचे डबे भरू लागतात आणि त्यांत बर्बन बॉल नाहीतर रम बॉल असतातच. कृती जुनी आणि सोपी. व्हॅनिला वेफर बिस्किटांचा पाव किलो चुरा, १२० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बारीक चिरलेले पेकन, दोन चमचे कोको, तीन मोठे चमचे कॉर्न सिरप आणि ६० मिलिलिटर बर्बन व्हिस्की एकत्र कालवायचे, लिंबाहून लहान गोळे वळायचे आणि पिठीसाखरेत घोळवायचे. ओव्हन लावायचा नाही, पाक बघायचा नाही. लाडू वळायची सवय असलेल्या तिथल्या मराठी हातांना हे पहिल्या खेपेलाच जमते. हात बसलेला असला की मापाकडे दुर्लक्ष होते. ‘थोडी बर्बन’ असे वाचून बाटली अंदाजाने वाकडी केली जाते. माझे सांगणे एवढ्याच जागेपुरते आहे. ज्या पदार्थाला आच लागत नाही त्यातली दारू उडून जात नाही, म्हणून ती मोजून घालावी आणि खाणाऱ्याला आधी सांगावी.

‘पदार्थात घातली की दारू उडते’ हा समज शिजवलेल्या पदार्थांच्या बाबतीतही अर्धाच खरा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद आचेवर १५ मिनिटे रटरटलेल्या पदार्थात मूळ अल्कोहोलपैकी सुमारे ४० टक्के उरते, तासाभराने २५ टक्के, आणि अडीच तास शिजवल्यावरही ५ टक्के. आच न दाखवता रात्रभर ठेवलेल्या पदार्थात मात्र ७० टक्के शिल्लक असते. बर्बन बॉल तर घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात, तेही मुद्दाम, वास जाऊ नये म्हणून. तेव्हा जितकी ओतली तितकी जवळजवळ सगळी खाणाऱ्याच्या पोटात जाते असेच धरून चालावे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एका गोळ्यात ती असते तरी किती? वरच्या मापाने केल्यास हा आक्षेप रास्त आहे. ४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर बर्बनमध्ये सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ४० गोळे केले तर एकेकात अर्धा ग्रॅमही येत नाही. अमेरिकेत एक प्रमाणित पेय १४ ग्रॅमचे मानतात, म्हणजे धडधाकट माणसाने दोन-तीन गोळे खाल्ले तर काहीच बिघडत नाही. पण बर्बन ५० टक्क्यांचीही मिळते. अशी बाटली घेतली, अंदाजाने दुप्पट ओतली आणि गोळे मोठे वळून तीसच केले, तर एकेकात दीड ग्रॅमहून जास्त अल्कोहोल जाते, तिपटीपेक्षाही अधिक. आकारातला थोडा फरक सोडला तर बाहेरून दोन्ही गोळे सारखेच दिसतात. बारा किलोच्या मुलाने असे चार गोळे मटकावले तर त्याच्या वजनाच्या मानाने ते सत्तर किलोच्या माणसाने लागोपाठ अडीच पेये घेण्यासारखे होते. शिवाय लहान मुलांत अल्कोहोलमुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चॉकलेटच्या लाडवासारखी दिसणारी वस्तू मूल एकावर थांबवत नाही, हे घरात मुले असलेल्यांना सांगायला नको.

मोठ्या माणसांतही सगळे सारखे नसतात. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला थोड्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. गोळी न घेता, निव्वळ निश्चयावर दारू सोडलेल्या माणसाला ती नुसती चवही नको असते. गरोदर बाई असते, धर्माने किंवा घरच्या रीतीने न घेणारे असतात. ‘नावातच बर्बन आहे, वेगळे काय सांगायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ताटात मांडलेल्या गोळ्यावर नाव लिहिलेले नसते. आणि मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांत ‘रम बॉल’ म्हणून जे मिळते त्यात बऱ्याचदा नुसता इसेन्स असतो. ते खात वाढलेला माणूस अमेरिकेतला गोळाही त्याच भरवशावर तोंडात टाकतो.

जुने लोक कुठे मोजत होते, असेही म्हटले जाते. मोजत होते. केंटकीतल्या फ्रँकफर्ट गावात रूथ हॅन्ली आणि रिबेका गूच या दोन शिक्षिकांनी १९१९ मध्ये मिठाईचा धंदा सुरू केला. पुढे १९३६ मध्ये गावाच्या दीडशेव्या वर्धापनदिनी एका पाहुणीच्या बोलण्यातून रूथबाईंना मिठाईत बर्बन घालण्याची कल्पना सुचली, आणि ती मनासारखी उतरवायला त्यांना दोन वर्षे लागली. अंदाजाने ओतणाऱ्याला एवढा वेळ लागत नाही.

जास्त ओतून चवही साधत नाही. दारूत साखर नीट विरघळत नाही. गोळा धरून ठेवते ते सिरप आणि ओल शोषलेला चुरा. मिश्रण भुरभुरीत वाटले की लोक आणखी बर्बन घालतात आणि मग ते हाताला चिकटू लागते. त्याऐवजी वीस मिनिटे झाकून ठेवावे, चुरा आपोआप मऊ होतो. पहिल्या दिवशी दारूचा झणका पुढे येतो, दोन-तीन दिवसांनी चव मुरते, म्हणून त्याच दिवशी चाखून प्रमाण ठरवू नये. दारूमुळे गोळे टिकतात हाही भ्रम आहे. सुमारे सहाशे ग्रॅम मिश्रणात १९ ग्रॅम अल्कोहोल म्हणजे जेमतेम तीन टक्के, तेवढ्याने काही टिकत नाही. टिकवते ती साखर आणि कोरडेपणा, आणि शेवटी पेकनचे तेल खवट होतेच. वेफर नसतील तर मारी बिस्किटे चालतात. कच्चा मैदा मात्र कधीही वापरू नये. बिस्किटे आधीच भाजलेली असतात, मैदा नसतो.

मुलांसाठी आणि न घेणाऱ्यांसाठी त्याच मापाने, बर्बनच्या जागी संत्र्याचा रस घालून वेगळा घाणा करावा, तो आधी वळावा, नारळाच्या किसात घोळवावा, फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. बर्बनचे गोळे पिठीसाखरेतले, वर अर्धा पेकन खोचलेला. डबे दोन, आणि ‘यात दारू आहे’ ही चिठ्ठी झाकणावर चिकटवून एक आतही ठेवावी, कारण पंगतीत झाकण सगळ्यांत आधी बाजूला जाते.