कमी दारूचे काडतूस

वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी प्रायमर-टोपी, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस घरच्या घरी भरण्याला अमेरिकेत हँडलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरापुरते ते करण्यास तेथे संघराज्याचा परवाना लागत नाही, तर भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून या विषयातला संचित अनुभव प्रामुख्याने अमेरिकी नेमबाजांचाच आहे.

रायफलचा धक्का सौम्य व्हावा, सराव स्वस्तात व्हावा, किंवा गोळी ध्वनीपेक्षा मंद जावी, या हेतूंनी दारू कमी केली जाते. यांपैकी शेवटच्या प्रकाराला सबसॉनिक म्हणतात. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि .३०-०६ या काडतुसाची नेहमीची गोळी साधारण ८५० मीटर वेगाने निघते. वाटेत हवेत उमटणारा तिचा कडाका सप्रेसरने, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या ध्वनिशामकाने, थांबत नाही, तो गोळी मंद केल्यावरच जातो. दारू कमी म्हणजे जोखीमही कमी, असा समज यातून सहज होतो. प्रत्यक्षात येथे जोखीम फक्त रूप बदलते.

मोठ्या पुंगळीत शीघ्र जळणाऱ्या दारूचा छोटा भार तळाशीच राहतो, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सांडत नाही आणि रायफल फुटेपर्यंत चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरीने डोकावण्याची शिस्त यातूनच आली. उलट भार फारच तुटपुंजा असेल, तर तांब्याच्या आवरणाची गोळी घर्षणामुळे नळीतच अडकते आणि मागून झाडलेली दुसरी गोळी नळी फुगवते किंवा फाडते. बार फुसका वाटला की तिथेच थांबावे, रायफल रिकामी करावी आणि नळीतून गज घालून ती मोकळी असल्याची खात्री करावी.

सर्वांत वादग्रस्त धोका मंद जळणाऱ्या दारूचा आहे. अशी दारू पुरेशा दाबाखालीच नीट जळते. भार फार कमी केल्यास ज्वलन अडखळते आणि क्वचित दाब अनपेक्षितपणे उसळतो. टोपीच्या ठिणगीने गोळी थोडी सरकून नळीच्या आतील पिळदार आट्यांत रुतते, मग उरलेली दारू पेटते आणि गोळी स्वतःच अडथळा ठरते, हे स्पष्टीकरण बऱ्याच जणांना पटते. परंतु हा प्रकार प्रयोगशाळेत हुकमी घडवता आलेला नाही, आणि अशा काही अपघातांमागे साधी दुप्पट भरणीच असावी, असा संशय घ्यायला जागा आहे. कारण कोणतेही असो, भरणीच्या पुस्तकातील किमान आकडा कमाल आकड्याइतकाच बंधनकारक मानला पाहिजे. हॉजडन कंपनी एच ४८९५ या दारूचा भार कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली आणण्यास मुभा देते, पण ती त्या दारूपुरतीच आहे. इतर दारूंना तोच हिशेब लावणे हा या छंदातला नेहमीचा आगाऊपणा होय.

मंद गोळी सहसा जड, म्हणून लांब असते, आणि लांब गोळी स्थिर राहण्यास नळीतील आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. हा संबंध आल्फ्रेड ग्रीनहिल याने १८७९ मध्ये सूत्रात मांडला. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या .३०० ब्लॅकआउटच्या नळ्यांना म्हणूनच बहुधा ७ किंवा ८ इंचांत एक फेरा असतो. गोळी कोलांट्या खाऊ लागली तर ती सप्रेसरच्या आतील पडद्यांवर आदळते, यास्तव आधी सप्रेसर न लावता कागदावर झाडून छिद्र गोल पडते की लांबट, ते पाहतात.

पुंगळ्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. कमी दाबात टोपीचा स्फोट बिनकाठाच्या पुंगळीला पुढे ढकलतो, पण तिला पुन्हा मागे ताणण्याइतका दाब निर्माण होत नाही; परिणामी तिचा खांदा हळूहळू मागे सरतो आणि नंतर त्याच पुंगळीत पूर्ण भार भरल्यास ती बुडाजवळ तुटू शकते. अशा पुंगळ्या खूण करून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि केवळ कमी भारासाठीच वापराव्यात.